उन्हाने पांढरं पडलेलं प्लास्टिक: जुन्या फायबर होडीची डागडुजी

जुनी फायबरची होडी विकत घ्यायला गेलात की इंजिन चालू करून दाखवा म्हणण्याआधी इंजिनाचं कव्हर, पुढच्या कप्प्याचं झाकण आणि बॅटरीची पेटी यांवर कोरडा अंगठा जोरात घासून बघा. अंगठ्याला भुकटी लागली तर वरचा थर उन्हाने खाल्लेला आहे. भुकटी न लागता अंगठा तेलकट झाला, तर विकणाऱ्याने आदल्या दिवशी काहीतरी चोपडलेलं आहे. कोणी सिलिकॉनचं पॉलिश लावतं, कोणी खोबरेल, कोणी डिझेलचा बोळा फिरवतं. अशा वेळी भांडी घासायच्या साबणाने एक कोपरा धुवा, तो वाळू द्या आणि मगच भाव बोला.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरात दिसणारी १८-२० फुटी होडी इथे डोळ्यांसमोर आहे. मागे ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), पुढे एखादा कप्पा, गरीने किंवा छोट्या जाळ्याने मासेमारी. होडीचं अंग फायबरचं असतं आणि त्यावरच्या जेलकोटचं, म्हणजे वरच्या चकचकीत रंगीत थराचं, तंत्र वेगळं आहे. पण अंगावरचं निम्मं सामान प्लास्टिकचं असतं, आणि एकाच होडीवर हे प्लास्टिक पाच-सहा जातींचं असतं. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच: एकच बाटली आणून सगळ्याला फासली जाते. इलाज रंग बघून ठरवू नका, प्लास्टिकची जात बघून ठरवा.

ऊन काय करतं

जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांची तरंगलांबी साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर असते. हे किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. साखळ्या झिजून गेल्या की आतले रंगाचे कण आणि भरताड उघडं पडतं. अंगठ्याला लागते ती ही भुकटी. काळ्या प्लास्टिकमध्ये घातलेली काजळी किरण अडवते, म्हणून काळे भाग जास्त टिकतात. दिसायला मात्र तेच आधी राखाडी होतात.

मेलेला थर बहुतेक वेळा खूप पातळ असतो आणि त्याच्याखाली तेच प्लास्टिक धडधाकट असतं. तो थर काढायचा आणि उघडं पडलेलं अंग झाकायचं, एवढंच काम. चमक आणणाऱ्या बाटल्या यातलं पहिलं काम करतच नाहीत. त्या खड्डे तेलाने भरतात आणि चार धुण्यांत निघून जातात.

काम किती खोल आहे हे बघायला पाणी पुरतं. धुतलेल्या भागावर गोडं पाणी ओता. नदीतला काळा दगड ओला असताना काळाभोर दिसतो आणि वाळला की राखाडी, तसाच रंग परत आला तर आतला रंग शाबूत आहे, फक्त पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश विखुरतोय. घासून किंवा तापवून काम होईल. ओला करूनही भाग फिकाच दिसला तर रंगद्रव्यच गेलेलं आहे. तिथे पॉलिशवर पैसे घालवू नका, रंगच द्यावा लागेल.

कधी करायचं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते आणि होडी वर ओढून शाकारलेली असते. वेळ भरपूर असतो, पण हवा ओली. घासकाम आणि पॉलिश पावसाळ्यात पडवीत बसून खुशाल करा. स्क्रू काढून सुटणारा प्रत्येक भाग घरी आणा आणि स्क्रू कुठले कुठे हे कागदावर लिहून ठेवा. रंग मात्र पावसाळ्यात नको. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना आणि पृष्ठभागावर दव धरत असताना रंग द्यायचा नाही, हा रंगकामातला जुना नियम आहे. किनाऱ्यावर पहाटेचं दव उशिरापर्यंत राहतं, आणि भर दुपारी तापलेल्या भागावर रंग पसरण्याआधीच सुकतो. सावलीत, सकाळी नऊ-दहानंतर आणि दुपार चढायच्या आत ही वेळ बरी. रंगासाठी मे महिन्याचे पहिले आठवडे किंवा पाऊस सरल्यानंतरचा काळ धरा.

प्लास्टिकची जात ओळखणं

भाग उलटा करून आतल्या बाजूला साच्यातली अक्षरं शोधा. पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीई (पॉलिथिलीन), एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट), पीए (नायलॉन) अशी खूण असते किंवा त्रिकोणात आकडा असतो. त्यात २ म्हणजे एचडीपीई (पॉलिथिलीनचाच घट्ट प्रकार), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. खूण नसेल तर आतून दिसणार नाही अशा जागेवरून नखाएवढा तुकडा कापा आणि गोड्या पाण्याच्या पेल्यात साबणाचा थेंब घालून बुडवा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. एबीएसची घनता १.०४ च्या आसपास, अॅक्रिलिकची १.१८, पॉलिकार्बोनेटची १.२०, पीव्हीसीची त्याहून जास्त. हे सगळे बुडतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये टाल्क किंवा काचतंतू भरपूर असतील तर तेही बुडू शकतं, तेवढा अपवाद लक्षात असू द्या. जाळून वास घेण्याची पद्धत काही जण सांगतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, त्यामुळे ती करू नका.

साधारण अंदाज असा: बॅटरीची पेटी पॉलिप्रॉपिलीनची, बर्फाची मोठी पेटी आणि पेट्रोलची टाकी पॉलिथिलीनची, पांढरी झाकणं आणि हवेच्या जाळ्या एबीएस किंवा तिच्या चुलत्यांच्या, गरीची काठी धरायच्या खोबण्या बऱ्याचदा नायलॉनच्या, समोरची काच अॅक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची, कडेची रबरासारखी पट्टी पीव्हीसीची.

जात कळली की कुठलं द्रावण कुठे चालणार नाही हेही कळतं. अॅसिटोन आणि एनसी थिनर (रंग पातळ करायचं द्रावण) एबीएसला विरघळवतात आणि पॉलिकार्बोनेटला भेगाळतात. पेट्रोलचा बोळाही पॉलिकार्बोनेटवर फिरवू नका. अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी पॉलिकार्बोनेटला चालत नाही, आणि अॅक्रिलिकला स्पिरिटने बारीक तडे जातात. शंका असेल तिथे साबण आणि पाणी.

धुणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. मिठाचा कण पॉलिश पेपरखाली आला की तो पेपरच्या नंबरापेक्षा खोल ओरखडा काढतो. आधी गोड्या पाण्याने भिजवून ठेवा, मग साबणाने नायलॉनच्या ब्रशने घासा, पुन्हा गोडं पाणी. खाचांतलं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढा. पाणी अजूनही थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर सिलिकॉन किंवा वॅक्स उरलेलं असू शकतं. पाण्याचा अख्खा पापुद्रा पसरून राहिला पाहिजे. सिलिकॉनचा अंश राहिला तर नंतरचा रंग माशाच्या डोळ्यांसारखा गोल गोल फाटतो, आणि तो दोष वरून कितीही हात दिले तरी झाकला जात नाही. पीपी, पीई आणि एबीएसवर शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा द्या. एका फडक्याने लावा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचला.

काळं पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन

बॅटरीची पेटी, हँडल, काळ्या कडा. यांच्यावर साधा रंग धरत नाही. या प्लास्टिकला कशाशीच चिकटायचं नसतं. म्हणून आधी रंगाशिवाय काय होतं ते बघा. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून भुकटी काढा, मग ६००. सुकल्यावर हीट गन एक वीत लांब धरून सतत हलवत न्या. पृष्ठभागाची वरची खरबड वितळून बसते आणि राखाडी रंग डोळ्यांसमोर काळा होतो. तो बदल दिसला की तिथून पुढे सरका, थांबू नका. एचडीपीई साधारण १३० अंशाला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या सुमारास, त्यामुळे दोन्हींना एकच हात चालत नाही. पातळ झाकण वाकतं, म्हणून ते सपाट फळीवर ठेवून तापवा आणि थंड होईपर्यंत वर वजन ठेवा. घासल्याशिवाय नुसतं तापवलं तरी काळं दिसतं, पण मेलेला थर तिथेच राहतो आणि थोड्या महिन्यांत राखाडी परत येते.

पॉलिथिलीनची एक खोड आहे. ते घासलं की गुळगुळीत होण्याऐवजी लव उभी राहते. तिथे पेपर बाजूला ठेवा आणि धारदार सरळ पात्याने खरवडा. पातं जवळपास उभं धरून स्वतःकडे ओढायचं. पातळ सालपटं निघतात आणि खालचा ताजा रंग दिसतो. बर्फाच्या पेटीला हीच रीत लावा, हीट गन टाळा, कारण आत फोम असतो आणि उष्णतेने वरचं कवच फुगू शकतं. पेटीच्या आतल्या बाजूला साबण-पाण्याशिवाय काहीही लावू नका. तिथे मासळी ठेवायची आहे.

पांढरी झाकणं आणि जाळ्या

एबीएस पांढरं राहत नाही, पिवळट होतं. पिवळा थर सहसा वरवर असतो. ८०० पासून सुरुवात, मग १२००, मग २०००, सगळं पाण्यात. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. त्यानंतर गाड्यांचं रबिंग कंपाउंड फोमच्या पॅडने, कमी वेगात. जोर दिलात तर एबीएस तापून ओघळतं. झाकणावर घसरू नये म्हणून दाणेदार नक्षी असेल तर घासू नका. नक्षी गेली की ओल्या पायाखाली ते झाकण धोक्याचं होतं. अशा भागाला कडक ब्रश, साबण आणि नंतर रंग.

केसांना लावायचं १२ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड क्रीम लावून, वर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळून ऊन दाखवलं की एबीएसचा पिवळेपणा उतरतो. जुन्या संगणकांवर हे पुष्कळ जण करतात. होडीवर मला ते फुकटचं वाटतं. रंग उतरतो, पण मेलेला थर जागच्या जागी राहतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या वस्तूवर पिवळेपणा परत यायला वेळ लागत नाही.

भेग असेल तर तिच्या टोकाला २-३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. नंतर आतल्या बाजूने त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा अॅसिटोनमध्ये विरघळवून बनवलेली लापशी भरा. हे फक्त एबीएसला चालतं. पीपी आणि पीईला अॅसिटोन काहीच करत नाही.

इंजिनाचं कव्हर

या कव्हरला बहुतेक वेळा कारखान्यातला रंग आणि वर पारदर्शक थर असतो. पारदर्शक थर फक्त धुरकट झाला असेल तर २००० नंबर आणि कंपाउंड पुरतं. तो सोलायला लागला असेल तर अर्धवट ठिगळ कधीच मिसळत नाही, पूर्ण कव्हर करावं लागतं.

कव्हर इंजिनावरून काढा. खालचं रबराचं सील सुटत असेल तर काढून ठेवा, नाहीतर मास्किंग टेपने झाका. हवेच्या झडपा आतून टेपने बंद करा आणि शेवटी तो टेप काढायचा हे लिहून ठेवा; हवा न मिळालेलं इंजिन धड चालत नाही आणि दोष मग कार्ब्युरेटरला दिला जातो. स्टिकर हेअर ड्रायरने ऊब देऊन हळू ओढले तर अखंड निघतात. सोललेल्या थराच्या कडा ३२० नंबरने इतक्या उतरवा की डोळे मिटून बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. मग सगळीकडे ४०० नंबर. खोल ओरखडे लांबीने (पुट्टीने) भरा, पण प्लास्टिकसाठीची लवचिक लांबी वापरा, पत्र्याची नको.

पुढचं काम स्वतः करायचं की नाही यावर माझं मत स्पष्ट आहे. टिकणारा रंग म्हणजे दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन), आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासावाटे गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो, आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. तालुक्याच्या गावात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा असतोच. गाड्यांचे बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचेच असतात, त्यामुळे प्लास्टिक प्रायमर कुठला आणि लवचिकता कशी आणायची हे त्याला रोजचं आहे. घासकाम घरी पूर्ण करून कव्हर त्याच्याकडे न्या, फक्त प्रायमर, रंग आणि क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) पैसे द्या. कव्हर पीपीचं आहे की फायबरचं, हे त्याला आधीच सांगा.

स्वतःच करायचं असेल तर एका भागाच्या रंगाचा स्प्रे कॅन घ्या आणि तो कमी टिकेल हे धरून चाला. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्क लावून. प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात, मग डब्यावर लिहिलेल्या वेळात रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. एका हातात पूर्ण झाकायचा हट्ट धरला की ओघळ येतात. पेट्रोलचे शिंतोडे या रंगाला सोसत नाहीत, त्यामुळे इंधन भरताना फडकं हाताशी ठेवा.

काच आणि दिवे

समोरची काच उन्हाकडे तिरकी धरून बघा. चंदेरी रेषांचं जाळं पृष्ठभागाच्या आत दिसलं तर ते घासून जाणार नाही, नवी बसवा. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे अॅक्रिलिकची शीट मापाने कापून मिळते. जुनी काच साचा म्हणून न्या आणि भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडायला सांगा, कारण उन्हात शीट पसरते आणि भोक आवळलेलं असेल तर तिथूनच तडकते.

धुरकटपणा वरवरचा असेल तर ८००, १०००, १५००, २०००, ३००० या क्रमाने पाण्यात घासा आणि प्लास्टिक पॉलिशने संपवा. टूथपेस्टने हलकी धूसर छटा जाते, त्याहून जास्त काही नाही. पॉलिकार्बोनेट घासताना त्यावरचं कारखान्याचं संरक्षक अस्तरही निघतं, त्यामुळे शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर लावला नाही तर ते पुन्हा पिवळं पडतं, आणि आधीपेक्षा लवकर. अॅक्रिलिकला ही काळजी कमी.

डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा यांची भिंगं फिकी पडली असतील तर ती चमकवत बसू नका, नवी घ्या. रात्री समोरून येणारा तांडेल (होडी हाकणारा) तुमची दिशा त्या रंगावरून ठरवतो.

हात लावू नये असं काही

पेट्रोलची टाकी फिकी पडून तिच्या झाकणाभोवती केसासारख्या रेघा दिसत असतील तर ती बदला. घासणं, रंगवणं, तापवणं काहीही नाही. रिकामी टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते, तिच्या आसपास हीट गन नेऊ नका. रंग उडालेलं लाइफ जॅकेट म्हणजे कापडाची ताकद गेलेली असते. कापड चिमटीत ओढून फाटत असेल तर ते कोणाच्याही अंगावर घालू नका. भुकटी सोडणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी नांगराला नको. पाणी बाहेर टाकणारी प्लास्टिकची तोंडं, म्हणजे होडीच्या कुशीतून बाहेर येणारे फिटिंग, बाहेरच्या कडेला पांढरी होऊन तडकली असतील तर ती आधी बदला, बाकी सगळं नंतर. ही तोंडं पाण्याच्या रेषेच्या जरा वर असतात, आणि माणसं व मासळी चढली की ती रेषा वर सरकते.

घासताना एक गोष्ट पाळा. प्लास्टिकची भुकटी पुळणीवर किंवा धक्क्यावर धुऊन सोडू नका. बादलीत पाणी घेऊन काम करा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कापडातून गाळा आणि तो गाळ सुकवून कचऱ्यात टाका. फायबरची कड घासली जात असेल तर पाणी आणि मास्क दोन्ही हवेत. ती भुकटी कातडीला दिवसभर चावते.

नंतरची निगा

साफ केलेल्या, रंग न दिलेल्या भागांना अतिनील किरण अडवणारं पॉलिमर सीलंट लावा. पाऊस संपल्यावर एकदा आणि उन्हाळा लागताना एकदा, असं वर्षातून दोनदा. रंगवलेल्या कव्हरला साधं कारचं वॅक्स चालतं, पण नव्या रंगाला पूर्ण पिकायला महिनाभर द्या आणि मगच वॅक्स. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याची एक बादली इंजिनावर आणि झाकणांवर गेलीच पाहिजे. वाळलेल्या मिठावरून फडकं फिरवणं म्हणजे पुन्हा पेपर मारणंच.

सगळ्यात जास्त फरक सावलीने पडतो. निळी ताडपत्री स्वस्त असते, पण ती स्वतःच उन्हाने फाटून तिचे तुकडे खाडीत जातात, आणि अंगाला चिकटून बसली तर खाली घाम धरून बुरशी येते. बांबूची कमान करून वर विणलेली झापं टाकायची जुनी रीत आहे, तीत खालून वारा खेळतो. ताडपत्रीच वापरणार असाल तर तिलाही तीच कमान द्या. नुसत्या इंजिनासाठी जाड सुती कापडाची टोपी शिवून घ्या.

भाग परत बसवताना स्टेनलेसचे स्क्रू घ्या, जमलं तर ३१६ ग्रेडचे. ३०४ चे स्क्रू खाऱ्या हवेत गंजाचे तपकिरी ओघळ सोडतात, आणि नव्या पांढऱ्या झाकणावर ते लांबून दिसतात. स्क्रू हातानेच आवळा, ड्रिल मशीनने नको. पॉलिकार्बोनेटजवळ व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळून न्यूट्रल प्रकारचं घ्या. रंग देताना नाळेजवळचा नोंदणी क्रमांक झाकला गेला असेल तर होडी पाण्यात उतरण्याआधी तो त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा लिहून घ्या.